मतमाउली : गोदाकाठच्या एका ख्रिस्ती यात्रास्थळाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

बीड जिल्ह्याच्या लोकजीवनात सामायिक श्रद्धास्थानांची परंपरा जुनी आहे. जिल्ह्याच्या सीमेलगत पाथर्डी तालुक्यात मढी हे गाव आहे. तेथील कानिफनाथांना मुस्लिम भाविक शाह रमजान माही सवार या नावाने ओळखतात. आष्टी तालुक्यातील सावरगावचा मायंबा, बीड शहरातील शहेनशाहवली दर्गा, अशा ठिकाणी नवस बोलणारा माणूस कोणत्या धर्माचा आहे, ही चौकशी पिढ्यान्‌पिढ्या कोणी केली नाही. हिंदू-मुस्लिम सामायिक श्रद्धास्थानांचा अभ्यास महाराष्ट्रात बऱ्यापैकी झाला आहे. त्या मानाने हिंदू आणि ख्रिस्ती परंपरा ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्यांच्याकडे इतिहास-अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. ख्रिस्ती धर्म म्हणजे मुंबई, वसई आणि गोवा, अशी एक समजूत त्यामागे असावी.

प्रत्यक्षात गोदावरीच्या दोन्ही काठांवर ग्रामीण, शेतमजूर आणि मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज शतकाहून अधिक काळ नांदत आहे. या समाजाचे सर्वांत मोठे यात्रास्थळ म्हणजे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव. तेथील संत तेरेजा चर्चच्या परिसरात दरवर्षी सप्टेंबर महिन्यात मतमाउलीची यात्रा भरते. नगर, नाशिक, पुणे या जिल्ह्यांबरोबरच मराठवाड्यातूनही भाविक तेथे जातात. त्यांत ख्रिस्ती असतात तसेच हिंदूही असतात.

अशा स्थळांचे वर्णन करताना 'दोन धर्मांचा संगम' किंवा 'धार्मिक मिश्रण' हे शब्द सहज वापरले जातात. हरेगावात नेमके कशाचे मिश्रण झाले आणि कशाचे झाले नाही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी या स्थळाची आर्थिक-सामाजिक पार्श्वभूमी, 'माउली' या नावाचा प्रवास, यात्रेचे स्वरूप आणि यात्रेतील यजमान-पाहुणा हे नाते, असे चार घटक विचारात घेतले आहेत.

पाटपाणी, ऊस आणि मजूर

हरेगाव हे प्राचीन क्षेत्र नाही. त्याला माहात्म्य-ग्रंथ नाही, स्वयंभू मूर्तीची कथा नाही. या गावाला जे महत्त्व आले ते विसाव्या शतकात आणि पाटाच्या पाण्यामुळे. भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी अवर्षणग्रस्त पठाराचा एक पट्टा बागायती झाला. याच सुमारास बेलापूर कंपनीने हरेगावी साखर कारखाना उभारला. दख्खनमधील आरंभीच्या आधुनिक साखर कारखान्यांत त्याची गणना होते. सहकारी साखर कारखानदारीचा उदय होण्यापूर्वीचा, खाजगी भांडवलाचा हा काळ होता.

कारखान्याला आणि त्याच्या विस्तीर्ण मळ्यांना माणसे हवी होती. ती आसपासच्या कोरडवाहू मुलखातून आली. त्यांत महार आणि मांग समाजाचे प्रमाण मोठे होते. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला वेठ आणि बलुते येत असे, त्यांना मळ्यावर रोख मजुरी मिळू लागली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ज्या ग्रामव्यवस्थेचे चित्र रेखाटले, तिच्यातून बाहेर पडण्याची एक वाट अशा औद्योगिक वसाहतींनी उघडली. ही वाट सुखाची होती असे नव्हे. परंतु तेथे पाटील-कुलकर्ण्यांची सत्ता पूर्वीसारखी चालत नव्हती. डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत महार, मांग व वेठिया यांची परिषद हरेगाव येथेच झाली, हा योगायोग मानता येत नाही. वतनाच्या जोखडाविषयी बोलण्यासाठी, वतनाच्या पलीकडे पाऊल टाकलेल्या मजुरांची ही वस्ती योग्य जागा होती.

पुढे जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा १९६१ चा कायदा आला. कारखान्यांच्या जमिनी शासनाकडे गेल्या आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाची स्थापना झाली. हरेगावचा मळा महामंडळाच्या प्रमुख मळ्यांपैकी एक ठरला. मालक बदलले तरी मजुरांची वस्ती तेथेच राहिली. मतमाउलीचे स्थान अशा वस्तीत रुजले आहे.

ख्रिस्ती समाजाची जडणघडण

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कार्याचा आरंभ १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने केला. कॅथलिक येशूसंघीय धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे आले. १८७६-७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीस लागोपाठ पडलेले दुष्काळ यांनी ग्रामीण दलित समाजाचे कंबरडे मोडले. या काळात अन्न, शाळा आणि सन्मान यांच्या ओढीने अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. गोदावरीपलीकडे निजामी राज्यात वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे कॅथलिक कार्याचे जुने केंद्र होते. नदीने दोन राज्ये वेगळी केली होती. सोयरीक मात्र नदी ओलांडून होत असे. आजही चर्चच्या व्यवस्थेत ही जुनी सीमा दिसते. बीड जिल्हा १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो, तर हरेगाव १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात.

या धर्मांतराचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. धर्मांतरित कुटुंबांनी गाव सोडले नाही, भाषा सोडली नाही आणि आप्तही तोडले नाहीत. एकाच घरातील एक भाऊ ख्रिस्ती, दुसरा हिंदू आणि १९५६ नंतर तिसरा बौद्ध, असे चित्र या भागात दिसते. त्यामुळे येथील ख्रिस्ती उपासना मराठी लोकपरंपरेपासून तुटणे शक्यच नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि पुढे नगर व राहुरी परिसरात कार्य केले. अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन या रूपांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले. टिळक प्रॉटेस्टंट होते आणि हरेगाव कॅथलिक आहे. तरीही टाळ-मृदंगासह ख्रिस्ताचे गुणगान करता येते, ही जाणीव दोन्ही पंथांच्या ग्रामीण मंडळींत त्या काळापासून मुरली, असे म्हणता येते.

'माउली' या नावाचा प्रवास

हरेगावच्या यात्रेचा आरंभ १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाला. स्थळाचे नाव मात्र मुंबईहून आले. वांद्र्याच्या टेकडीवरील मरियामातेला कोळी समाज 'मोत माउली' म्हणतो. 'मोत' हा 'डोंगर' या अर्थाच्या पोर्तुगीज 'मोंत' शब्दाचा लोकभाषेतील उच्चार मानला जातो. वांद्र्याचे सध्याचे चर्च १९०४ मधील असून १९५४ मध्ये त्यास बॅसिलिका हा दर्जा मिळाला. ८ सप्टेंबर या मरियामातेच्या जन्मदिनाला लागून तेथे जत्रा भरते आणि तिच्यात सर्व धर्मांचे मुंबईकर मेणबत्त्या वाहतात. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील मंगळूरचे ख्रिस्ती याच दिवशी नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद घेऊन 'मोंती' सण साजरा करतात. तेथेही शब्दाचे मूळ तेच आहे.

हरेगावी 'मोत'चे 'मत' झालेले दिसते. सपाट, काळ्या जमिनीच्या या मुलखात डोंगर नाही. त्यामुळे नावातील पहिल्या पदाचा मूळ अर्थ लोकांच्या दृष्टीने मागे पडला आणि सगळा भार 'माउली' या दुसऱ्या पदावर आला. हे दुसरे पद या भूमीला परके नव्हते. हरेगावपासून फार दूर नसलेल्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांना वारकरी 'माउली' म्हणतात. विठ्ठलालाही 'विठाई माउली' म्हणून हाक मारतात. गंगाखेडच्या जनाबाईपासून पुढे ही हाक गोदाकाठच्या बायाबापड्यांच्या ओठांवर आहे. पुरुषदेवतेलाही आई म्हणणाऱ्या या परंपरेत येशूच्या आईला माउली म्हणण्यासाठी कोणालाही काही नवे शिकावे लागले नाही.

नावाच्या या प्रवासाचे महत्त्व केवळ भाषिक नाही. मराठी ख्रिस्ती धर्मग्रंथांत 'पवित्र मरिया', 'मरियामाता' अशी नावे आहेत. ती धर्मशिक्षणातून शिकावी लागतात. 'माउली' हे नाव कोणी शिकवले नाही. त्यामुळे त्यावर चर्चचा एकट्याचा अधिकार राहिला नाही. मरियेविषयी काहीही ठाऊक नसलेली, शेजारच्या गावातून आलेली हिंदू स्त्रीही तिला माउली म्हणू शकते, आणि ही हाक चुकीची आहे, असे धर्मगुरूलाही म्हणता येत नाही.

यात्रेचे स्वरूप

यात्रेपूर्वी नऊ दिवसांची प्रार्थना होते. तिला 'नोव्हेना' म्हणतात. कॅथलिक जगात ती सर्वत्र आढळते. परंतु देवीच्या नवरात्राची सवय असलेल्या प्रदेशात नऊ दिवसांच्या आराधनेचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भाद्रपदात ज्येष्ठा गौरी माहेरवाशिणीच्या रूपाने घरोघर येतात आणि साधारणपणे याच दिवसांत मरियामातेचा जन्मोत्सव येतो. या दोन सणांत ऐतिहासिक संबंध नाही. लोकांच्या वर्षचक्रात मात्र ते शेजारी आहेत. पावसाळा उतरणीला लागलेला, पिके उभी आणि आईच्या रूपातील देवतेचे स्वागत, हा अनुभव दोन्हींना समान आहे.

भाविक पायी येतात. मिस्सा, प्रवचन, मेणबत्त्या, फुले, नवस बोलणे व फेडणे, आणि भोवती खेळणी, मिठाई व भांड्यांची दुकाने, असे यात्रेचे दृश्य रूप आहे. मढी किंवा म्हसोबाच्या यात्रेला गेलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटते. नवसाचे स्वरूपही समान आहे. अपत्य, आजारपण, नोकरी, दारूचे व्यसन, मुलीचे लग्न यांसाठी माणसे देवाकडे जातात. हिंदू देवस्थानांत चांदीचे डोळे किंवा पाळणा वाहतात; वांद्र्याला मेणाचे हात, पाय व बाळ वाहतात. नवसाचा व्यवहार एकच आहे, त्याचा पदार्थ तेवढा वेगळा.

येथे चर्चची भूमिका समजून घेतली पाहिजे. कॅथलिक सिद्धान्तानुसार मरिया ही देवता नाही. तिची आराधना होत नाही, तिचा सन्मान होतो; ती भाविकांसाठी देवाजवळ विनंती करते. हा भेद धर्मगुरू प्रवचनातून सांगतात. येथील हिंदू भाविक मात्र तिला अनेक मातांपैकी एक मानतो आणि तिच्याकडेच मागणे मागतो. एकाच मूर्तीपुढे, एकाच वेळी, दोन अर्थ उभे असतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत आणि एकमेकांना हटवतही नाहीत.

हे सहअस्तित्व सदैव शक्य नव्हते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' ओवीछंदात प्रसिद्ध केले आणि मराठीचे सामर्थ्य ख्रिस्ती धर्माला उपलब्ध करून दिले. त्याच गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ च्या आदेशाने धर्मांतरितांच्या अनेक हिंदू चालीरीतींवर बंदी घातली. भाषा स्वीकारायची आणि चालीरीती नाकारायच्या, असे ते धोरण होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लोकभाषेतील मिस्सा आणि स्थानिक संस्कृतीचा स्वीकार यांना अधिकृत मान्यता मिळाली. हरेगावची यात्रा त्याआधीच सुरू झाली होती, ही बाब उल्लेखनीय आहे. लोकांनी जे केले होते त्यास धर्मव्यवस्थेची संमती नंतर मिळाली.

गोव्यातील तुलना

तुलनेसाठी गोव्यातील एक परंपरा उपयुक्त आहे. डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी मानल्या जातात. लोककथेनुसार सात बहिणींपैकी एक ख्रिस्ती झाली. लईराईकडून मिलाग्रीसला तेल आणि मिलाग्रीसकडून लईराईला मोगऱ्याची फुले, अशी देवघेव या नात्याची खूण म्हणून सांगितली जाते. लईराईच्या जत्रेत धोंड होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालतात; म्हापशाच्या चर्चमध्ये मिस्सा होते. दोन्ही उपासना स्वतंत्र आहेत. बहीण परधर्मात गेली, तरी माहेरचे नाते तुटत नाही, हा या कथेचा आशय आहे.

गोव्यात दोन स्थाने आहेत आणि त्यांना नाते जोडते. हरेगावी स्थान एकच आहे आणि अर्थ दोन आहेत. दोन्हीकडे सिद्धान्त अबाधित राहतात. फरक आहे तो सामाजिक पायामध्ये. गोव्याची कथा धर्मांतरापूर्वीच्या एका गावाच्या स्मृतीतून आली. हरेगावची यात्रा मात्र ज्यांना गावाने पूर्वी आपले मानलेच नव्हते, अशा लोकांमध्ये जन्मली. या मुद्द्याचा विस्तार आवश्यक आहे.

यजमान कोण?

पारंपरिक गावजत्रेत महार-मांगांना कामे होती. वाजंत्री, राखण, सरपण, निरोप पोचवणे आणि सफाई यांशिवाय जत्रा होत नसे. परंतु त्यांना गाभाऱ्यात प्रवेश नव्हता. पंढरपुरात चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेर आहे; भक्ती कितीही मोठी असली तरी जातीची मर्यादा कोठे होती, हे ती जागाच सांगते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. विठ्ठल मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले.

हरेगावची यात्रा यानंतर लवकरच सुरू झाली. तेथील चित्र उलटे होते. चर्च ज्यांचे, तो समाज पूर्वाश्रमीचा अस्पृश्य. मंडप घालणारे, पाण्याची सोय करणारे, गाणी म्हणणारे आणि दर्शनाची रांग लावणारे त्याच समाजाचे. नवस घेऊन येणाऱ्या सवर्ण हिंदूला मूर्तीपर्यंत पोहोचायचे तर त्यांच्याच रांगेत उभे राहावे लागते. येथे ख्रिस्ती मजूर यजमान आहे आणि गावचा शेतकरी पाहुणा. गावगाड्यात जो कायम उंबऱ्याबाहेर होता, त्याने आपला उंबरा उभारला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. हरेगावचा खरा नवेपणा धर्मांच्या मिश्रणात शोधण्यापेक्षा यजमानपदाच्या या बदलात शोधणे अधिक योग्य ठरते. यात्रेचे रूप ओळखीचे होते, म्हणूनच पाहुणे आले. आणि पाहुणे आले, म्हणूनच यजमानाला मान मिळाला.

या निष्कर्षाला मर्यादाही आहेत. यात्रेतील समता वर्षभर टिकतेच असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हरेगावातच चोरीच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. या घटनेने महाराष्ट्र हादरला आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा नोंदवला गेला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्या वर्षीची मतमाउलीची यात्रा आली. सामायिक श्रद्धास्थान असलेल्या गावात जात संपते, असे मानणे किती भाबडेपणाचे आहे, हे यावरून दिसून येते.

दुसरी मर्यादा कायद्याच्या क्षेत्रातील आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्म मानणाऱ्यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेले दलित बाहेर राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. परिणामी, ज्या कुटुंबाच्या श्रद्धेत माउली, भीमराव आणि गावदेव एकत्र नांदतात, त्याला दाखल्यावर एकच धर्म लिहावा लागतो आणि त्या एका शब्दावर मुलांचे शिक्षण व नोकरी अवलंबून असते. म्हणून अशा स्थळांविषयी लिहिताना 'मिश्र' किंवा 'शुद्ध' ही विशेषणे अभ्यासकाने जपून वापरली पाहिजेत. ती वर्णनात्मक वाटतात. पण त्यांच्या आधारे माणसांच्या ओळखीवर शंका घेतली जाऊ शकते. नवस बोलणारा हिंदू अर्धा ख्रिस्ती ठरत नाही आणि टाळ वाजवणारा ख्रिस्ती अर्धा हिंदू ठरत नाही.

निष्कर्ष

१. हरेगावच्या मतमाउलीचे स्थान प्राचीन समन्वयातून निर्माण झाले नसून पाटपाणी, साखर कारखाना आणि मजुरांचे स्थलांतर या आधुनिक घडामोडींतून निर्माण झाले आहे.

२. 'माउली' हे नाव, पायी वारी, नवस आणि यात्रा हे मराठी लोकधर्माचे घटक येथे ख्रिस्ती उपासनेशी जोडले गेले. दोन्ही धर्मांचे सिद्धान्त मात्र वेगळेच राहिले.

३. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संस्कृतीच्या स्वीकारास मान्यता देण्यापूर्वीच ग्रामीण ख्रिस्ती समाजाने तो व्यवहारात आणला होता.

४. या यात्रेने पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजाला यजमानपद दिले. हे तिचे सर्वांत महत्त्वाचे सामाजिक कार्य आहे. तथापि त्याचा प्रभाव यात्रेच्या बाहेर मर्यादित राहिला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुस्लिम व्यावसायिकांना दुकाने लावण्यास मनाई करणारा ठराव केला आणि प्रशासनाला त्यास स्थगिती द्यावी लागली. शतकानुशतके सामायिक राहिलेली जागाही एका ठरावाने आक्रसू शकते, याचे हे उदाहरण आहे. अशा काळात हरेगावसारख्या स्थळांची नोंद स्थानिक महाविद्यालयांनी घ्यावी, यात्रेकरूंच्या व मळ्यावरील जुन्या मजुरांच्या आठवणी संकलित कराव्यात आणि चर्चच्या नोंदवह्या, शेती महामंडळाचे कागद व परिषदांची वृत्ते एकत्र अभ्यासावीत. ज्या माणसांनी हा उंबरा उभारला त्यांची पहिली पिढी आता काळाच्या पडद्याआड जात आहे. त्यांचा इतिहास लिहायचा तर तो आताच लिहिला पाहिजे.